एडिटिंग शिकायचंय? एक छोटी फिल्म घ्या आणि ती पार शेवटपर्यंत न्या

एडिटिंग शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, मग ट्युटोरियल बघण्यात महिने जातात, ट्रान्झिशन येतात, टेक्स्ट नाचवता येतं, स्पीड रॅम्प येतो, आणि मग कोणीतरी दोन माणसं टेबलाशी बसून बोलतायत असा साधा सीन कापायला देतं आणि तिथे घोडं अडतं. कुठला टेक घ्यायचा, कोणाच्या चेहऱ्यावर थांबायचं, वाक्य संपायच्या आधी कापायचं की नंतर, हे कुठल्याच बटणात नसतं, ते फुटेजसमोर बसूनच येतं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. ३ ते ५ मिनिटांची छोटी गोष्ट घ्या, मित्रमैत्रिणींना घेऊन शूट करा आणि ती पूर्ण करा. पूर्ण म्हणजे रफ कट, म्हणजे पहिला कच्चा एडिट, झाला, बरा वाटतोय, बाकीचं नंतर बघू असं नाही, साउंड मिक्स, कलर, टायटल, सबटायटल, एक्सपोर्ट आणि मग चार अनोळखी लोकांना दाखवण्यापर्यंत. अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टमध्ये दरवेळी तोच पहिला टप्पा परत परत शिकून होतो आणि पोस्टचं, म्हणजे शूटनंतरचं, निम्मं काम, म्हणजे आवाज आणि कलर, त्याला हातच लागत नाही. खाली सगळं त्याच क्रमाने लिहितोय, तुमच्याकडे मोबाइल असो नाहीतर भारी कॅमेरा, क्रम तोच राहतो.

कुठला प्रोजेक्ट घ्यायचा

पहिला प्रोजेक्ट बिनसंवादाचा घ्या. एक माणूस, एक खोली, एक काम. किल्ली हरवलीये आणि तो शोधतोय, एवढंच. दीड-दोन मिनिटं. यात तुम्ही अ‍ॅक्शन जुळवणं, नजर जुळवणं आणि वेळ आकसणं हे तीन शिकता, आणि संवाद नसल्यामुळे आवाज सगळा तुम्हालाच तयार करावा लागतो. दुसरा प्रोजेक्ट दोन माणसांच्या संभाषणाचा. तिसरा छोटी डॉक्युमेंटरी, म्हणजे एका माणसाचा अर्ध्या तासाचा इंटरव्ह्यू आणि त्याच्या कामाचे शॉट, आणि त्यातून ४ मिनिटं काढायची. डॉक्युमेंटरी शेवटी ठेवतोय कारण तिथे स्क्रिप्ट नसते, गोष्ट एडिटलाच शोधावी लागते, आणि पहिल्याच फटक्यात तिथे गेलं तर माणूस फुटेजच्या ढिगाऱ्यात हरवतो.

ग्रुपमध्ये शिकत असाल तर फुटेज अदलाबदल नक्की करा. स्वतः शूट केलेला शॉट टाकून द्यायला फार जीवावर येतं, कारण तो घ्यायला किती तंगडतोड केली हे आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याच्या फुटेजला तो इतिहास नसतो, तुम्हाला फक्त पडद्यावर काय आहे तेच दिसतं, आणि प्रेक्षकाला पण तेवढंच दिसणार असतं. शूट करायची सोयच नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवरचं प्रेलिंगर कलेक्शन बघा, तिथे जुन्या शैक्षणिक आणि औद्योगिक फिल्म भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा पब्लिक डोमेनमध्ये आहेत, तरी प्रत्येक आयटमच्या पानावर हक्कांबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच डाउनलोड करा.

शूटच्या आधी एडिटरने तोंड उघडायचं

स्टुडंट प्रोजेक्टमध्ये एडिटरला शूट झाल्यावर बोलावतात, आणि निम्मे प्रॉब्लेम तिथेच तयार होतात. शूटच्या आधी पाच गोष्टी ठरवून घ्या.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच. २४ किंवा २५ घ्या, पण एकाने २५ आणि दुसऱ्याने ३० असं नको, नाहीतर चालताना, पॅन करताना बारीक झटके दिसतात. शटर स्पीड फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट, २५ ला १/५०. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे २५ आणि १/५० घेतलं की दिवे लुकलुकायचा त्रास पण बहुतेक होत नाही, ६० हर्ट्झ असेल तर ३० आणि १/६०. मोबाइलवर शूट करत असाल तर एक खोच लक्षात ठेवा, फोनचं स्वतःचं कॅमेरा अ‍ॅप फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, थोडा कमीजास्त होत राहतो, आणि मग लांब क्लिपमध्ये वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सरकत जातो. तसं झालं तर हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून क्लिप बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर २४ बिट. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, साधी हाताची टाळी चालते, फक्त हात कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत. टेक सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर पाच-पाच सेकंद कॅमेरा चालू राहू द्या, कट म्हणायची घाई नको, कारण कलाकाराचा खरा छान चेहरा बऱ्याचदा संवाद संपल्यानंतरच्या त्या दोन सेकंदात असतो. आणि शेवटची गोष्ट, प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून निदान ३० सेकंद, खरं तर एक मिनिट, नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. सेटवर सगळे कंटाळलेले असतात, घरी जायची घाई असते, तरी हट्टाने करून घ्या, का ते आवाजाच्या भागात सांगतो.

कार्ड रिकामं करणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच फिल्म मरतात. मेमरी कार्डावरचं फोल्डर जसंच्या तसं अख्खं कॉपी करा, आतल्या फाइली उचलून इकडेतिकडे टाकू नका, काही कॅमेरे माहिती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि रचना मोडली की क्लिप तुटक दिसतात. नियम ३-२-१ चा, म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. विद्यार्थ्यांना एवढं नेहमी परवडत नाही, पण निदान दोन ड्राइव्ह आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या घरी, इतकं तर होतंच. दोन्ही प्रती उघडून काही क्लिप चालवून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

जागेचा अंदाज आधी काढा. ५० मेगाबिट प्रति सेकंदाने रेकॉर्ड होणारं फुटेज तासाला साधारण २२.५ जीबी खातं, दोन प्रती म्हणजे ४५. ड्राइव्ह विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणार असेल तर एक्सफॅट फॉरमॅट ठेवा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

फोल्डर असे करा की तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्याला न विचारता उघडता आलं पाहिजे. फुटेज, आवाज, म्युझिक, ग्राफिक्स, प्रोजेक्ट फाइल, एक्सपोर्ट, एवढे सहा पुरतात. प्रोजेक्ट फाइलच्या नावात तारीख आणि व्हर्जन नंबर टाका, "फायनल", "फायनल नवीन", "खरंच फायनल" असली नावं बंद.

सॉफ्टवेअर आणि प्रॉक्सी, थोडक्यात

दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थ्याला खूप झाली, त्यात एडिट, कलर आणि आवाज तिन्ही एका जागी आहेत. कॉम्प्युटर साधा असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रीमियर प्रो किंवा अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझर असेल तर तेच शिका, फायनल कट प्रो विंडोजवर चालत नाही. एकदा एक निवडलं की तीन प्रोजेक्ट होईपर्यंत बदलू नका, बास.

टाइमलाइन अडखळते म्हणून नवीन कॉम्प्युटर घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते. कॅमेऱ्याची एच.२६४ फाइल जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, मधल्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं, त्यामुळे तुम्ही मागेपुढे केलं की कॉम्प्युटरला दरवेळी आजूबाजूच्या फ्रेमवरून चित्र जुळवावं लागतं. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची छोटी, प्रत्येक फ्रेम सुटी असलेली प्रत, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये. रात्री प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी एडिट करा, एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जातेय ना ते तेवढं तपासा.

फुटेज बघणं, हेच अर्धं एडिटिंग

इथे कोणी वेळ देत नाही आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आवाज चित्राशी सिंक झाला, म्हणजे आवाजातलं टाळीचं टोक आणि हात जुळायची फ्रेम जुळली, की सगळं फुटेज पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं, न कापता, न पळवता, खराब टेक पण. हातात वही. पहिल्यांदा बघताना जे वाटतं ते परत कधीच तसं वाटणार नाही, दहाव्यांदा बघितल्यावर तुम्हाला हसू यायचं बंद होतं, दचकायचं बंद होतं, आणि प्रेक्षक मात्र फिल्म पहिल्यांदाच बघणार असतो. त्यामुळे पहिल्या बघण्यात जिथे हसलात, जिथे पोटात हललं, जिथे मोबाइलकडे हात गेला, ते लगेच लिहून ठेवा, टेक नंबर आणि टाइमकोडसकट, म्हणजे नेमकी वेळ टाकून. टेक ३, १४ व्या सेकंदाला नजर खाली जाते, सुंदर. अशी नोंद. "चांगला" आणि "ठीक" अशा नोंदींचा पुढे काडीचा उपयोग होत नाही.

मग सॉफ्टवेअरमध्ये सीनप्रमाणे बिन, म्हणजे फोल्डर, करा आणि प्रत्येक संवादाचे सगळे टेक एकामागे एक लावलेली एक टाइमलाइन बनवा. एकच वाक्य चार वेळा लागोपाठ ऐकलं की कुठला टेक खरा वाटतोय ते कानाला लगेच कळतं, वेगवेगळ्या क्लिप उघडून बघताना ते कळत नाही.

असेंब्ली आणि रफ कट

असेंब्ली म्हणजे स्क्रिप्टच्या क्रमाने सगळं लावणं, ढोबळ, म्युझिक नाही, इफेक्ट नाही. ती लांबलचक आणि भयंकर दिसते, ५ मिनिटांच्या फिल्मची ९ मिनिटांची होते, आणि ते बघून हातपाय गाळायचे नाहीत, असेंब्ली अशीच असते. तिचं काम एवढंच की गोष्टीत कुठे भोक आहे ते दाखवणं. एखादा शॉट खरंच कमी असेल तर तो आत्ताच शूट करून घ्या, कलाकाराने केस कापायच्या आत.

आता खरा सीन. ताई आणि तिचा धाकटा भाऊ टेबलाशी बसलेत, तो वहीत काहीतरी लिहितोय. ती विचारते, "ड्रॉवर तू उघडलास का?" तो म्हणतो, "मी कशाला उघडू?" आपल्याकडे तीन शॉट आहेत, दोघांचा मिळून वाइड, तिचा क्लोजअप, त्याचा क्लोजअप. शिकणारा माणूस हमखास काय करतो तर जो बोलतोय त्याचा चेहरा लावतो. तिचा चेहरा, तिचं वाक्य, कट, त्याचा चेहरा, त्याचं वाक्य. सीन कळतो, पण कोणाला काहीच होत नाही.

आता असं करून बघा. वाइडवरून तिचा प्रश्न सुरू व्हायच्या आधीच भावाच्या क्लोजअपवर या. प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ द्या. "ड्रॉवर" शब्दाला त्याचं पेन थांबतं, ती फ्रेम शोधा. तिथून प्रश्न संपल्यावर १२ ते १५ फ्रेम, म्हणजे २५ फ्रेम रेटला साधारण अर्धा सेकंद, काहीच करू नका, त्याला तसाच राहू द्या. मग ताईवर कट, आणि त्याचं "मी कशाला उघडू?" तिच्या चेहऱ्यावर येऊ द्या, तिला पटलंय की नाही ते प्रेक्षक तिच्या डोळ्यात बघतो. संवाद तेच, टेक तेच, पण आता तो खोटं बोलतोय हे सगळ्यांना कळलं आणि कोणी बोललं पण नाही. यात ताईच्या चेहऱ्यावर जाऊनही आधीच्या शॉटच्या माणसाचा आवाज चालू ठेवला तर तो एल कट, आणि पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी आणला तर जे कट. नावं पाठ नसली तरी चालतील, हाताला सवय पाहिजे. आता तेच १५ फ्रेम ३० करून बघा, भाऊ अपराधी कमी आणि विचारात पडलेला जास्त वाटायला लागेल, ५ करून बघा, निर्ढावलेला वाटेल. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी बसून करावा असं मला मनापासून वाटतं, कारण अभिनय एडिटच्या टेबलावर किती बदलतो हे तेव्हाच कळतं.

हे काही नवीन नाही, रशियात लेव्ह कुलेशोव्हने सुमारे १०० वर्षांपूर्वी नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉटशेजारी ठेवून दाखवलं होतं की प्रेक्षक त्या चेहऱ्यात वेगवेगळी भावना वाचतो. तुम्ही पण हे एका दुपारी करू शकता, मित्राचा ५ सेकंदाचा कोरा चेहरा आणि तीन वेगळे शॉट, मग ज्याला काही माहीत नाही अशा तिघांना एकेक आवृत्ती दाखवा.

कट कुठे करायचा याचं एक माप वॉल्टर मर्च या एडिटरने दिलंय, ते मला फार उपयोगी वाटतं. त्याच्या हिशोबात चांगल्या कटमध्ये भावनेला ५१ टक्के वजन, गोष्टीला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट मांडणीला ५ आणि प्रत्यक्ष जागेतल्या कंटिन्युइटीला फक्त ४. आकड्यांना फार चिकटू नका, क्रम बघा. विद्यार्थी नेमके उलटे जातात, कप डाव्या हातात होता की उजव्या यासाठी उत्तम टेक फेकून देतात. चेहरा खरा असेल तर कपाकडे कोणी बघत नाही. दिशा मात्र सांभाळा, दोन माणसांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूने घेतलेले शॉट वापरले तर ती दोघं एकमेकांकडे बघताना दिसतात, रेषा ओलांडलेला शॉट मध्ये घुसला की दोघं एकाच दिशेला बघतायत असं होतं.

हालचालीवर कट केला की तो लपतो. माणूस उठतोय, तर उठायला सुरुवात झाल्यावर कापा आणि पुढच्या शॉटमध्ये उरलेलं उठणं दाखवा. आणि सारख्याच कोनातून थोडासाच जवळ जाणारा कट टाळा, तो चूक झाल्यासारखा दचकवतो, कोन निदान ३० अंशांनी बदललेला असावा असा जुना नियम आहे.

एक ताकीद म्हणून सांगतो, रफ कटमध्ये म्युझिक टाकू नका. म्युझिक घातलं की मेलेला सीन पण जिवंत वाटतो आणि तुम्ही तो दुरुस्त करायचं सोडून देता.

दाखवा, आणि फिल्मकडे नाही तर बघणाऱ्यांकडे बघा

रफ कट झाला की दोन दिवस प्रोजेक्ट उघडू नका. मग ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा तीन-चार जणांना एकत्र बसवून दाखवा, आणि तुम्ही बाजूला अशा जागी बसा की त्यांचे चेहरे दिसतील. कोण खुर्चीत हललं, कोणी मान वळवली, तिथे टाइमकोड लिहा. संपल्यावर "कशी वाटली" विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा, गोष्ट काय होती ते सांगा, त्या मुलाने ड्रॉवर का उघडला असेल, कुठे लांबलं. लोक उपाय सुचवतात, फ्लॅशबॅक टाक, व्हॉइसओव्हर टाक, ते शांतपणे ऐका पण उपाय लगेच घेऊ नका, त्यांना जिथे खटकलं ती जागा बरोबर असते, कारण मात्र बरेचदा आधीच्या सीनमध्ये सापडतं.

मग फाइन कट, आणि मग पिक्चर लॉक. लॉक म्हणजे लॉक, यानंतर एक फ्रेमही हलवायची नाही, कारण पुढे आवाजाचं काम त्याच लांबीवर चालतं. आवाज दुसरा मित्र करणार असेल तर त्याला एएएफ फाइल (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी) द्या, प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूला दोन-तीन सेकंदांचा जादा भाग ठेवून, आणि सोबत चित्रावरच टाइमकोड छापलेला व्हिडिओ. फिल्म सुरू व्हायच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप टाका, म्हणजे त्याच्याकडून मिक्स परत आल्यावर सिंक एका नजरेत तपासता येतं.

आवाज

स्टुडंट फिल्म चित्राने पडत नाही, आवाजाने पडते. हललेला शॉट लोक सहन करतात, ऐकू न येणारा संवाद नाही करत.

सुरुवात संवादापासून. प्रत्येक माणसाचा संवाद वेगळ्या ट्रॅकवर टाका. आता वरचाच सीन हेडफोन लावून ऐका. ताईच्या क्लोजअपमध्ये मागे पंख्याची घरघर आहे, भावाच्या क्लोजअपच्या वेळी माइक दुसरीकडे होता म्हणून घरघर कमी आहे. प्रत्येक कटला घरघर चालू-बंद, चालू-बंद होते, आणि प्रेक्षकाला काय खटकतंय ते कळत नाही पण सीन तुटक वाटतो. इथे तो एक मिनिटाचा रूम टोन कामाला येतो. तो खालच्या ट्रॅकवर अख्ख्या सीनभर पसरा, संवादांच्या मधल्या मोकळ्या जागा त्याने भरा, प्रत्येक संवादाच्या क्लिपला दोन्ही टोकांना २ ते ४ फ्रेमचा फेड द्या. डोळे मिटून ऐका, कट कुठे आहे ते ओळखता आलं नाही पाहिजे.

त्यानंतर साफसफाई. ८० हर्ट्झच्या खालचं कापा, गाड्यांची गुरगुर आणि माइकला लागलेला धक्का बराचसा जातो. नॉइज रिडक्शन जपून, थोडी घरघर राहिलेली बरी पण पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज नको. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणं, हलकं. संवादाची टोकं साधारण उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये खेळू द्या.

मग वरचे थर. खोलीबाहेरचं जग, पक्षी, लांबची रहदारी, शेजारच्या घरातली भांडी. पावलं, कपड्यांची सळसळ, पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज, हे घरीच फिल्म बघत बघत मोबाइल किंवा रेकॉर्डरवर करा, यालाच फॉली म्हणतात आणि ते करायला एक संध्याकाळ पुरते. तुमच्या पहिल्या बिनसंवादाच्या फिल्मला हे एवढंच लावून बघा, किल्ली शोधणाऱ्या माणसाचा श्वास थोडा जवळ आणला की खोली लगेच लहान वाटायला लागते.

म्युझिक सगळ्यात शेवटी, आणि हक्क तपासून. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे काही अटींवर फुकट वापरायला देणारं, लायसन्स असलं म्हणजे काहीही करा असं नसतं. बीवाय असेल तर नाव द्यावं लागतं, एनसी असेल तर कमाईसाठी वापरता येत नाही, आणि एनडी असेल तर व्हिडिओला लावताच येत नाही, कारण चित्रासोबत गाणं सिंक करणं हा मूळ कामात केलेला बदल धरला जातो. फेस्टिव्हलला फिल्म पाठवताना हक्कांबद्दल विचारतात, तेव्हा शेवटच्या क्षणी गाणं बदलायला लागलं की सगळी लय जाते. वर्गात कोणी वाजवणारं असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या, लेखी परवानगी घ्या.

मिक्स हेडफोनवर करा पण मोबाइलच्या स्पीकरवर आणि मोठ्या खोलीत पण ऐका. यूट्यूब फार मोठा आवाज खाली आणून साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवतं, त्यामुळे मिक्स चिरडून मोठा करण्यात अर्थ नाही. टीव्हीसाठीचं युरोपियन माप उणे २३ आहे. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

कलर

कलरमध्ये तीन पायऱ्या आणि त्या याच क्रमाने. आधी प्रत्येक शॉट नीट करा, उजेड आणि व्हाइट बॅलन्स. मग एकाच सीनमधले शॉट एकमेकांशी जुळवा. आणि मग, हौस असेल तर, लुक. सगळे थेट तिसरीवर उडी मारतात, डाउनलोड केलेली लट (LUT, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल) लावतात आणि मग ताई पिवळी, भाऊ निळा.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ते पाच मिनिटांत कुठल्याही रंगाला सरावतात. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, उघडा, सावल्या तळाला चिकटून सपाट झाल्यात का, खिडकी जास्त उजेडाने नुसती पांढरी झालीये का ते दिसतं. वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगांच्या गोल आलेखावर, त्वचेच्या रंगाची एक रेषा असते, फक्त चेहऱ्याचा भाग क्रॉप करून बघा, कुठल्याही वर्णाची त्वचा असली तरी ठिपके साधारण त्याच रेषेच्या आसपास पडतात, गोरं-काळं हा फरक उजेडाचा असतो, रंगाच्या दिशेचा नाही. सीनमधला एक शॉट आदर्श धरा, त्याचा स्टिल शेजारी ठेवून बाकीचे त्याला जुळवा. लॉगमध्ये (कॅमेऱ्याचा मुद्दाम फिकट ठेवलेला रंग) शूट केलं असेल तर आधी ते रेक. ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या टीव्हीच्या रंगात, आणा. मोबाइलचं ८ बिट फुटेज फार ताणलं की आकाशात पट्टे पडतात, तिथे हात आवरा. खोलीतला उजेड पूर्ण वेळ सारखा ठेवा, खिडकीचा पडदा ओढून बसा.

टायटल, सबटायटल, एक्सपोर्ट

टायटल साधी आणि वाचता येतील इतका वेळ, मोठ्याने दोनदा वाचून होतील एवढी. देवनागरीत टाकत असाल तर जोडाक्षरं आणि वेलांट्या फुटत नाहीत ना ते बघा, प्रीमियरमध्ये त्यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. नावांचं स्पेलिंग त्या त्या माणसाकडून तपासून घ्या, रात्रभर लाइट धरून उभं राहिलेल्या पोराचं नाव चुकलं तर त्याला किती लागतं ते त्याला विचारा. सबटायटल एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि शक्यतो कटच्या पलीकडे लोंबकळत ठेवू नका. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात.

एक्सपोर्ट दोन. एक मास्टर, प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यू, १०८० ला ५ मिनिटांची फिल्म ७ जीबीच्या आसपास जाते, ती जपून ठेवायची. दुसरी एच.२६४, अपलोडसाठी. १०८० ला २४-३० फ्रेम रेट असेल तर यूट्यूबची शिफारस ८ मेगाबिट प्रति सेकंदाची आहे, मी थोडं वर, १५ च्या आसपास ठेवा म्हणेन, कारण ते परत कॉम्प्रेस करतातच. फ्रेम रेट टाइमलाइनचाच ठेवा. थिएटरच्या पडद्यावर दाखवायची असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला चालणारी डिजिटल प्रत, लागतं आणि ते डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घरी बनवता येतं, पण आधी जाऊन त्यांच्या प्रोजेक्टरवर चालवून बघायची वेळ मागून घ्या.

एक्सपोर्ट झालेली फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत बघा, दुसऱ्या मशीनवर. मध्ये एखादी काळी फ्रेम राहून जाते, एखादी क्लिप ऑफलाइन लाल दिसते, शेवटी आवाज अर्धा सेकंद आधी तुटतो, हे टाइमलाइनवर दिसत नाही, फाइलमध्ये दिसतं.

झाल्यावर

प्रोजेक्ट फाइल, मास्टर, मिक्सचे वेगळे ट्रॅक (संवाद, म्युझिक, इफेक्ट वेगवेगळे) आणि फुटेज एकत्र करून दोन ड्राइव्हवर ठेवा, प्रॉक्सी आणि रेंडर कॅश (सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) उडवा, ती परत बनते.

आणि मग दोन-तीन महिन्यांनी तेच फुटेज परत उघडा. जुनी टाइमलाइन बघायची नाही, नवीन सुरू करायची, आणि लांबी निम्मी करायची, ५ मिनिटांची अडीच. नंतर तीच गोष्ट ताईच्या बाजूने एकदा आणि भावाच्या बाजूने एकदा कापा. नवीन शूटचा खर्च नाही, कोणाच्या तारखा जुळवायला नकोत, आणि वर्गातल्या दोघातिघांनी हेच फुटेज घेऊन आपापला कट केला तर एका संध्याकाळी सगळे कट लागोपाठ लावून बघा. कोणी कुठल्या फ्रेमला ताईला सोडलं आणि का, यावर वाद घाला. शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, पण ही जोडी ठेवा, त्याच सीनचे दोन वेगळे कट शेजारी शेजारी, झगमगीत तुकड्यांच्या माँटाजपेक्षा त्यातून तुमची निवड करायची पद्धत समोरच्याला जास्त दिसते.